मामाजींच्या अंगठ्याचा स्पीड

आमच्या घरात स्पीड या गोष्टीला फार मान होता. घरात म्हणजे आमच्या ह्यांच्या डोक्यात. माझा नवरा अमरावतीत कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. त्या वर्षांत अमरावतीत कॉम्प्युटरचा क्लास चालवणं म्हणजे कोरड्या विहिरीत पोहायला शिकवणं होतं, कारण लाइनच, म्हणजे वीजच, नसायची. पोरं काळ्या पडद्यासमोर बसून मेलेल्या कीबोर्डवर बोटं आपटायची आणि हे मागून फिरत म्हणायचे, स्पीड वाढवा. मोटरसायकलच्या कार्बोरेटरशी ह्यांनी इतकी छेडछाड केली होती की ती गाडी फक्त उतारावर शहाण्यासारखी वागायची. मिक्सर, पंखा, पाण्याची मोटर, ज्याला म्हणून स्क्रू होता त्याला ह्यांचा हात लागलेला. बायकोला स्क्रू नसतो म्हणून मी वाचले.

वऱ्हाडात तेव्हा दोनच गोष्टी न चुकता यायच्या, लोडशेडिंग आणि मुंबई-दिल्लीचे पाहुणे. मी दर्यापूरला शाळेत शिकवायला रोज अप-डाऊन करायचे, कधी एसटीनं, कधी जीपमध्ये अर्धी दुसरीच्या मांडीवर. वाटेत अभ्यासकांच्या पांढऱ्या गाड्या दिसायच्या. कापसाच्या पट्ट्यात काय चुकलं हे शोधायला ही मंडळी यायची, ढाब्यावर शेवभाजी खायची, इकडे ऊन फार आहे असा शोध लावायची आणि दिवस मावळायच्या आत नागपूर गाठायची. माझ्या वर्गातल्या मुलींना कॅमेऱ्याकडे न बघता कसं उभं राहायचं हे पाठ झालं होतं. पाढे पाठ नव्हते, तो भाग वेगळा. अधूनमधून एखादी मुलगी बरेच दिवस यायची नाही. परत यायची तेव्हा तिच्या घरी बाप उरलेला नसायचा, आणि तिला कुणी काही विचारायचं नाही.

आता मामाजी, म्हणजे माझे सासरे. कापूस खरेदी केंद्रावर ते आयुष्यभर ग्रेडर होते. गाडीतून मूठभर कापूस उचलायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढून बघायचा आणि ग्रेड सांगायची, हे काम. ते रिटायर झाले आणि पाठोपाठ ती केंद्रंही एकेक करत बंद पडली, तेव्हा आपण गेल्यावर दुकान चालणार कसं, असं ते चारचौघांत सांगायचे. ग्रेड द्यायची सवय मात्र घरी घेऊन आले. वरणाला ग्रेड, भाजीला ग्रेड, येणाऱ्या पाहुण्याला तर दारातच ग्रेड. लग्न होऊन आल्यावर माझ्या पहिल्या पोळीला जी ग्रेड मिळाली ती मी इथे लिहिणार नाही. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे त्यांना कुठली मिळाली होती हे विचारायचीही सोय नव्हती.

माझं माहेर अकोला. माझ्या धाकट्या भावाचं लग्न मे महिन्यात काढलं होतं, आणि अकोल्यात मे महिन्यात लग्न काढणाऱ्यांना काय म्हणायचं ते मामाजींनी मांडवात सगळ्यांदेखत म्हणून घेतलं. मग थोड्या वेळानं त्यांच्या हातातून सरबताचा ग्लास पडला. आम्हाला आधी वाटलं, रागानं फेकला. तो लकवा होता. जीव वाचला, पाय सावरला, जीभ तर महिन्याभरात जुन्या धारेवर आली. फक्त उजव्या हाताचा अंगठा काही ऐकेना. चार बोटं वाकायची आणि अंगठा बाजूला उभा राहायचा, रुसलेल्या जावयासारखा.

खरी पंचाईत नोव्हेंबरची होती. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण अजून जिवंत आहोत, असं सही करून सांगावं लागतं. सही जमत नसेल त्यानं अंगठा द्यायचा. अमरावतीच्या डॉक्टरांनी ते अगदी सहज सांगितलं, की आजोबा, काळजी नका करू, अंगठाही चालतो. मामाजी घरी येऊन खाटेवर टेकले आणि म्हणाले, "म्या अंगठा देणार नाही. पेन्शन गेली तं जाऊ दे."

मला तो नुसता हट्ट वाटला. मग एका दुपारी त्यांनी मला त्यामागचं सांगितलं, वांग्याच्या भाजीत मीठ कमी आहे हे सांगायच्या आवाजात. त्यांचे वडील अंजनगाव सुर्जीला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. जन्मभर त्यांनी अंगठा दिला. मजुरी घ्यायची तर अंगठा, रेशन घ्यायचं तर अंगठा. आणि शाई लागलेला अंगठा ते आपल्या केसांत पुसायचे, कारण पुसायला दुसरं कोण काय देणार होतं. लहानपणी मामाजींना त्या पुसण्याची अतोनात लाज वाटायची. नागपूरहून धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर वडिलांनी पहिलं काम केलं ते पोराला जिनिंगमधून काढून शाळेत बसवायचं. पोरानं पुढे काय केलं न केलं, पण शाईला अंगठा लावायचा नाही हे तेव्हाच ठरवलं. म्हणून मामाजींची सही इंग्रजी, आखूड आणि झोकदार, खाली एक ऐटबाज रेघ. डाव्या हातानं करून बघा, असं मी सुचवलं. ती माझी नाही होणार, म्हणाले. विषय संपला.

व्यायामासाठी डॉक्टरांनी एक पिवळा मऊ चेंडू दिला होता, त्यावर हसरा चेहरा काढलेला. तो दिवसभर दाबत राहायचा. मामाजींनी तो डाव्या हातानं शेजारच्या अंगणात फेकला. शेजारणीनं आणून दिला, पुन्हा फेकला. हसणारी वस्तू त्यांना उभ्या आयुष्यात आवडली नव्हती.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, आमच्याकडे ते जावयानं धाडलं. नणंदेचे यजमान अमेरिकेत. त्यांनी आमच्या मुलीसाठी हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम पाठवला. मुलगी तेव्हा रांगत होती. इतक्या लांबून भाचीचं वय दिसत नसावं. काळी चकचकीत डबी, मध्ये पडदा, डावीकडे बाणांची बटणं, उजवीकडे गोल बटणं. खोकं ह्यांनी फोडलं आणि त्यानंतर त्या डबीवर मुलीचा हक्क लाळ गाळण्यापुरता राहिला.

ह्यांनी त्यात इंटरनेटवरून एक फुकटचा गेम टाकला होता, वरून ठोकळे पडतात आणि ते फिरवून खाली नीट बसवायचे, तो. एका सुटीच्या दुपारी लाइन गेलेली, हे क्लासवर, आणि मामाजींनी डबी मागितली. मी दिली. थोडा वेळ त्यांनी ठोकळे पडताना पाहिले आणि मला विचारलं, ह्या गाठी कोणत्या गोदामातल्या. त्यांना त्या रुईच्या गाठीच वाटल्या, आणि कुणीतरी गाढव त्या वाकड्यातिकड्या रचून राहिलं आहे हे काही त्यांना बघवेना. ठोकळा फिरवायचं बटण नेमकं उजव्या अंगठ्याखाली. पहिल्या दिवशी अंगठा नुसता थरथरला. मामाजींनी हमालाला शिव्या दिल्या. पुढच्या आठवड्यात अंगठा बटणावर टेकला, मग कधीतरी दाबला गेला, आणि एक अख्खी ओळ भरून पडद्यावरून नाहीशी झाली. "ट्रक लागला," मामाजी म्हणाले. तो दिवस मी विसरणार नाही. डॉक्टरांना सांगितलं तर तेही म्हणाले, चेंडू राहू द्या, हेच करू द्या.

इथे गोष्ट सुखानं संपायला हरकत नव्हती. पण घरात एक तंत्रज्ञ होता ना.

ह्यांना त्याच डबीवर मोटारींची शर्यत खेळायची होती, आणि शर्यत म्हणे अडखळत होती. मग ह्यांनी शोध लावला की डबीचा मेंदू कंपनीनं दोनशे बावीस मेगाहर्ट्झवर बांधून ठेवला आहे, आणि तो खरं तर तीनशे तेहतीसवर पळू शकतो. चेहऱ्यावर असा आनंद, की सरकारनं लपवून ठेवलेलं धरण ह्यांना सापडलं. क्लासच्या कॉम्प्युटरवरून कसलं तरी सॉफ्टवेअर उतरवलं, कार्डात भरलं, कुठलीशी दोन बटणं एकदम दाबली आणि एक छुपा मेनू उघडला. कंपनीवाले आपल्याला फसवतात, असं हे म्हणाले. मी विचारलं, कंपनी स्वतःच्याच मालाला लगाम का घालेल, काही कारण असेल की नाही. तर म्हणाले, तुला टेक्निकल कळत नाही. खरं आहे बाप्पा. मी फक्त विज्ञान शिकवायचे.

मोटारी पळाल्या, यात वाद नाही. पण डबी अशी तापायला लागली की तिच्यावर पापड भाजावा. आणि बॅटरी. जी बॅटरी आधी अख्खी दुपार पुरायची, तिचा दिवा आता मी चहा टाकून गाळेपर्यंत लुकलुकायला लागायचा. त्याहून वाईट म्हणजे त्या फुकटच्या गेमला स्वतःचं घड्याळ नव्हतं. यंत्र पळेल तसा तोही पळायचा. मामाजींच्या गाठी गारपिटीसारख्या कोसळू लागल्या. अंगठा हलायच्या आत गोदाम भरून बंद, आणि नव्यानं सुरू करावं तर पडदा काळा. लाइन यायला संध्याकाळ. मामाजी डबी उशीखाली सारायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. अंगठा दिवसभर तसाच उभा.

मी ह्यांना सांगितलं, की तुमच्या तीनशे तेहतीसमुळे बाबांचा हात थांबला. हे म्हणाले, प्रॉब्लेम स्पीडचा नाही, गरमीचा आहे. डबी कूलरसमोर ठेवायची. आता, लाइन असली तरच कूलर चालतो, आणि लाइन असली तर चार्जरही चालतो, मग बॅटरीचं रडगाणं राहतंच कुठे. हे मी सांगितलं. ह्यांना ते टेक्निकल वाटलं नाही.

मग ह्यांना माठ दिसला. वऱ्हाडातल्या माणसाला काहीही तापलेलं दिसलं की तो माठाकडे बघतो. माठाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्यात ह्यांनी डबी खोचली, काकडी खोचतात तशी, आणि वर अभिमानानं माझ्याकडे पाहिलं. डबी गार झाली. तिच्या पोटात पाणी गेलं, बॅटरीच्या पत्र्यांवर हिरवा गंज चढला, आणि आधीच अर्धमेली बॅटरी पार मेल्यात जमा झाली. आगीतून फुफाट्यात. नवी बॅटरी अमरावतीत नाही. अकोल्यात माझ्या भावानं दुकानं पालथी घातली, तर एका दुकानदारानं मोबाइलची बॅटरी काढून दाखवली आणि कानशीनं घासून बसवून देतो म्हणाला. म्हणजे आमच्या घरच्यासारखा शहाणा अकोल्यातही होता.

मामाजी पडल्या पडल्या म्हणाले, की हेच तर केलं साऱ्यांनी, खताचा डोस वाढवा, डोस वाढवा, आणि दोन हंगाम बोंडं लिंबाएवढी झाली अन् मग जमीन बसली. हे मान डोलवत म्हणाले, बरोबर आहे बाबा. आपल्याला कुणी काही बोललं हे त्यांना कधीच कळायचं नाही, म्हणून आमचा संसार टिकला.

ऑक्टोबर आला. ऊन परत मे महिन्यासारखं. एक दिवस शाळा लवकर सुटली म्हणून मी दुपारीच घरी आले. मामाजी खाटेवर बसलेले, माझ्याकडे पाठ. जवळ गेले तर पायजम्याची नाडी काढून त्यांनी पेन उजव्या अंगठ्याला बांधलं होतं. एक टोक डाव्या हातात, एक दातांत. नाडी इतकी आवळली होती की अंगठा जांभळा पडला होता. समोर वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला नुसत्या रेघोट्या. मी आल्याचं कळलं तसा त्यांनी हात चादरीखाली घेतला आणि मला विचारलं, आज जीप लवकर मिळाली काय. मी हो म्हटलं. स्वयंपाकघरात गेले, माठाजवळ उभी राहिले आणि पोटभर रडले. मग डोळे पुसले आणि ह्यांची वाट बघत बसले. ते रडणं दुःखाचं कमी आणि रागाचं जास्त होतं, खोटं कशाला बोलू.

हे आले ते शिट्टी वाजवत. मी डबी त्यांच्या हातात दिली.

"यात स्पीड कमी होते का?"

"कमी?" ह्यांना खरोखरच प्रश्न कळला नाही. "कमी कोण करते?"

"मी करते. आताच्या आता करा, नाही तर आजपासून स्वयंपाकाचा स्पीड मी ठरवीन."

तोच छुपा मेनू. तोच काटा, फक्त उलटा फिरवायचा. इतके महिने तो पर्याय तिथेच होता, ह्यांच्या नजरेला पडला नव्हता, कारण खाली बघायची सवय नाही. पोटच्या पोराला नापास करावं तशा चेहऱ्यानं ह्यांनी आकडा खाली आणला. दोनशे बावीसवर आले, मी म्हटलं अजून. त्याच्याही खाली, अगदी तळाला. आणि गाठी उतरू लागल्या, लग्नात वरमाई पायऱ्या उतरते तशा, सावकाश, सगळ्यांना बघू देत. डबी गार. आणि तीच गंजकी बॅटरी, मी कानशीच्या पाठीनं जिचे पत्रे घासून काढले होते, ती लाइन येईपर्यंत पुरली. माठाची गरज लागली नाही. मामाजींनी पहिली ओळ भरली, दुसरी भरली, आणि ग्रेड दिली, की आताचा हमाल शहाणा आहे. हे बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांना तो वेग बघवत नव्हता.

त्यानंतर रोज दुपारी तेच चाललं. अंगठा चार बोटांकडे झुकू लागला. एकदा मामाजींनी वाटीतलं लिंबू उचललं आणि कुणी पाहिलं का ते बघितलं. मी पाहिलं, पण भांडी घासत राहिले. पेन धरता येऊ लागलं, मात्र त्यांची ती झोकदार इंग्रजी सही काही उमटेना. ती एका झटक्यात मारायची सही होती आणि झटका आता त्या हातात उरला नव्हता. नोव्हेंबर लागला. काय करायचं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

बँकेत आम्ही तिघं गेलो. लाइन नव्हतीच, मागे जनरेटर धडधडत होता. पेन्शनच्या खिडकीजवळची भिंत हाताच्या उंचीला निळीजांभळी झालेली, माणसांनी अंगठे पुसून पुसून. खिडकीतला पोरगा सभ्य होता. त्यानं मामाजींचा हात पाहिला आणि आपणहून शाईचं पॅड पुढे सरकवलं, की बाबा, अंगठाच द्या, लवकर होते. मामाजींनी डाव्या हातानं ते पॅड बाजूला सारलं आणि पेन मागितलं. उजव्या हातात ते नीट बसवायलाच बराच वेळ गेला. मागे रांग कुरकुरायला लागली. कुणीतरी म्हणालं, आटपा ना.

तेव्हा हे मागे वळले. स्पीड वाढवा म्हणत ज्यांनी अर्धं आयुष्य घालवलं ते आमचे हे. "घाई काहून करून राहिले भाऊ?" म्हणाले. "होऊ द्या आरामात." ताप आहे का म्हणून ह्यांच्या कपाळाला हात लावावासा वाटला, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी हा माणूस मला आवडला.

मामाजी लिहीत होते. इंग्रजी नाही, मराठीत, पाटीवर गिरवतात तसं एकेक अक्षर, वर रेघ. आधी स्वतःचं नाव. मग वडिलांचं, अख्खं, कुठेही आखूड न करता. मग आडनाव. पोरानं कागद आत घेतला, जुन्या कार्डाशी ताडून पाहिला आणि ओशाळून म्हणाला, की बाबा, तुमची सही तर इंग्रजीत आहे, आणि छोटी, यात वडिलांचं नाव नव्हतं.

"त्याची सही राह्यली होती," मामाजी म्हणाले.

पोरगा मग उठून सहीच्या नमुन्याचं कोरं कार्ड घेऊन आला. मामाजींनी त्यावरही तेच नाव लिहिलं, तितक्याच सावकाश, प्रत्येक चौकटीत पुन्हा पहिल्यापासून. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि रांगेतली एक बाई मला विचारत होती, कोण गेलं.

बँकेचं पेन गळकं होतं. कार्ड देऊन झालं तेव्हा मामाजींचा अंगठा शाईनं भरला होता. पोरानं पुसायला कागद पुढे केला. मामाजींनी तो घेतला नाही. त्यांनी हात वर नेला, आणि तो अंगठा आपल्या पांढऱ्या केसांत पुसला.